वाळलेल्या फांदीची साक्ष

इतिहासाच्या शिक्षकाने वनस्पतींवर लेख का लिहावा, असा प्रश्न या स्मरणिकेच्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीकडे आहे. इंग्रजीचे शिक्षक रजेवर असल्यामुळे तो तास आमच्याकडे आला होता. पाठात ‘हॉथॉर्न’ असा शब्द आला आणि त्याचा अर्थ मुलांनी विचारला. गुलाबाच्या कुळातील हे एक काटेरी झुडूप असून ते थंड प्रदेशात रानोमाळ व कुंपणांवर वाढते, त्याला पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि पुढे लहान लाल फळे धरतात, असे आम्ही सांगितले. हिमालयात, काश्मीरच्या बाजूस, त्याच्या रानटी जाती आढळतात. सह्याद्रीत मात्र ते नाही. म्हणून सोयीसाठी पुढे म्हटले, “आपल्याकडचे करवंद डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.”

तेव्हा मराठवाड्यातून आपल्या वसतिगृहात आलेली ती मुलगी म्हणाली, “सर, स्टेशनबाहेर टोपलीत करवंदे पाहिली आहेत. झाड कधी पाहिले नाही.” आम्ही खिडकीबाहेर बोट दाखवले आणि सांगितले की, समोर इमारती दिसतात त्या चढावर पूर्वी करवंदाच्या जाळ्याच जाळ्या होत्या. तिने शांतपणे विचारले, “याला पुरावा काय, सर? पुराव्यावाचून इतिहास लिहू नये, असे तुम्हीच शिकवता.”

वर्ग हसला; आम्हीही हसलो. पण प्रश्न मनातून गेला नाही. संध्याकाळी प्रयोगशाळेतील जुने कपाट उघडले. सुमारे वीस वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांसमवेत आम्हीच वनस्पती गोळा केल्या होत्या. त्या वह्यांचा गठ्ठा सापडला. त्यात करवंदाची फांदीही होती. समोरासमोरची पाने, दुफाटे काटे आणि पिवळट पडलेली चार फुले, सारे शाबूत होते. कागदावर ‘करवंद’ एवढाच शब्द आणि लाल शाईने दिलेले गुण. ती कोठून तोडली, केव्हा तोडली, कोणी तोडली, याचा उल्लेख नाही. ती त्याच चढावरची असावी, असे आमची आठवण सांगते. कागद मात्र काहीच सांगत नाही. मुलांना फांदी वाळवायला शिकवले. नोंद लिहायला शिकवले नाही. ही चूक सर्वस्वी आमची आणि तीच या लेखाचे निमित्त.

हर्बेरियम म्हणजे काय

वाळवून, दाबून, जाड कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या शास्त्रीय संग्रहाला ‘हर्बेरियम’ म्हणतात. सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी या अध्यापकाने वनस्पती दाबून वाळवून ठेवण्याची पद्धत रूढ केली, असे मानतात. आज जगात अशी तीन हजारांहून अधिक संग्रहालये असून त्यांतील नमुन्यांची संख्या चाळीस कोटींच्या घरात आहे. आपल्या मुंबईतच सेंट झेवियर महाविद्यालयात 1906 पासून उभे राहिलेले ‘ब्लॅटर हर्बेरियम’ आहे. एथेलबर्ट ब्लॅटर (1877–1934) या स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव त्यास दिलेले आहे. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाचे आणि आघारकर संशोधन संस्थेचे संग्रह आहेत.

या संग्रहांतील प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात, बहुधा उजवीकडे खाली, एक चिठ्ठी असते. तीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, गोळा केल्याचे ठिकाण, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक इतके लिहिलेले असते. जमीन कशी होती, झुडूप किती उंच होते, फुलांचा रंग कोणता होता, हेही नोंदवतात. कारण रंग आणि गंध वाळल्यावर टिकत नाहीत. फांदी ही वस्तू असते. चिठ्ठीमुळे ती साक्षीदार होते. चिठ्ठी गेली की उरते ते केवळ वाळलेले गवत.

कान्हेरीचे लेख आणि कोपऱ्यातली चिठ्ठी

आपल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. कुरार-दिंडोशीच्या पाठीमागे जे राष्ट्रीय उद्यान पसरले आहे, त्यातच कान्हेरीची लेणी आहेत. विद्यालयाच्या सहलीत आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली आहेत. शंभरांहून अधिक लेण्यांच्या त्या डोंगरावर ब्राह्मी लिपीतील अनेक दानलेख कोरलेले आहेत. कल्याणच्या एका लोहाराने मार्गाचे दान दिले, सोपाऱ्याच्या एका रत्नकाराने पाण्याच्या पोढीचे दान दिले, अशा आशयाच्या त्या ओळी आहेत. दाता कोण, कोठला, व्यवसाय कोणता आणि त्याने काय दिले, एवढेच त्या सांगतात.

या चार-दोन शब्दांच्या आधारे अठराशे वर्षांपूर्वीच्या कोकणातील व्यापार, कारागीर आणि भिक्षुसंघ यांचे नाते आज मांडता येते. लेण्यांवर लेख नसते, तर ती केवळ कोरीव दगडी दालने उरली असती. लोहार तर इतिहासातून पुसलाच गेला असता. दगडावरील लेख आणि कागदावरील चिठ्ठी यांचे काम एकच आहे. कोणी, कोठे, केव्हा, काय, या प्रश्नांची उत्तरे ती पुढच्या पिढीच्या स्वाधीन करतात.

योगायोग असा की, याच डोंगराच्या नावाने मुंबईच्या वनस्पतिशास्त्रातील एक नोंद झाली आहे. आजच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्याला पूर्वी ‘कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान’ असे नाव होते. तेथील वनस्पतींच्या शोधकार्यावर फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि रँडेरिया यांचा निबंध 1955 मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सांतापाव हे स्पेनमधून आलेले धर्मगुरू. झेवियर महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, पुढे भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे ते प्रमुख झाले आणि 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपनगरांत आजच्यासारखी वस्ती नव्हती, त्या काळात आपल्या दारच्या डोंगरावर काय उगवत होते, हे अशा नोंदींमुळे कळते.

एका झुडपाची हजार नावे

नमुना जपून का ठेवावा लागतो, याचे उत्तम उदाहरण हॉथॉर्नचेच आहे. हे झुडूप अभ्यासकांना चकवणारे आहे. त्याच्या जातींत परस्पर संकर होतो आणि काही झुडपांत अंड्याचे फलन न होताही बी धरते. त्यामुळे थोड्याथोड्या फरकाची असंख्य झुडपे दिसतात आणि प्रत्येकाला वेगळे नाव द्यावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दोन-तीन दशकांत एकट्या उत्तर अमेरिकेतील हॉथॉर्नना हजाराहून अधिक नावे दिली गेली. त्यांतील शेकडो नावे बॉस्टनमधील अर्नोल्ड वृक्षोद्यानाचे प्रमुख चार्ल्स स्प्रॅग सार्जंट यांनी दिली. पुढच्या अभ्यासकांनी त्यांतील बरीचशी नावे एकमेकांत विलीन केली.

हे विलीनीकरण वाद घालून झाले नाही. कागद समोर ठेवून झाले. ज्या नमुन्यावरून नवे नाव दिले जाते, तो ‘प्ररूप नमुना’ म्हणून जपला जातो. नावाविषयी शंका आली की कोणीही तेथे जाऊन तो पाहू शकतो. सार्जंट यांच्या काळातील अभ्यासक एकाच झुडपाकडे वसंतात फुलांसाठी आणि शरदात फळांसाठी पुन्हा जात, परागकोशांचा रंग ताजेपणीच लिहून ठेवत. ती शिस्त पाळली म्हणून त्यांच्या चुकाही पुढे दुरुस्त करता आल्या. ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि पाहा’, हा शब्द आपण वंदनेत उच्चारतो. सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पाहून ठरवा, ही वृत्ती विज्ञानाच्या या शाखेत कागदाच्या रूपाने कपाटात ठेवलेली असते.

आपले करवंदही या वादापासून दूर नाही. ते गुलाबाच्या नव्हे, तर कण्हेरीच्या कुळातील. म्हणूनच पान तोडले की पांढरा चीक येतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘कॅरँडस’ हा शब्द आपल्या ‘करवंद’ आणि संस्कृत ‘करमर्द’ या शब्दांचाच भाऊबंद आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात या फळाची दखल घेतली आहे. पुढे लिनियसने ते शास्त्रीय नामावलीत घेतले. सह्याद्रीतील रानटी करवंदाला मात्र कित्येक ग्रंथांत ‘कॅरिसा कोंजेस्टा’ असे वेगळे नाव आढळते आणि अलीकडचे अनेक अभ्यासक ती दोन्ही एकच मानतात. नाव बदलले, तरी कपाटातील जुना कागद वाया जात नाही. त्यावर नव्या निर्णयाची छोटी चिठ्ठी चिकटवतात. जुनी चिठ्ठी फाडत नाहीत. आधीच्याचे म्हणणे पुसायचे नाही, त्याच्या शेजारी आपले म्हणणे नाव आणि दिनांकासह नोंदवायचे, ही रीत इतिहासलेखकांनीही शिकण्याजोगी आहे.

वाळलेले पान काय सांगू शकते

अशा कागदांचा उपयोग केवळ नावे ठरवण्यापुरता नाही. 1845 मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. त्यातून उद्भवलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली. मरणारे बहुतेक भूमिहीन आणि कुळे होती. त्या काळात कोणी तरी रोगट बटाट्याची पाने वाळवून संग्रहात ठेवली होती. लंडनच्या क्यू उद्यानात आणि म्युनिकमध्ये जपलेल्या त्या पानांतील जनुकीय द्रव्य वाचून 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या रोगजंतूचा नेमका वंश ओळखला. पान ठेवणाऱ्याला जनुक हा शब्दही ठाऊक नव्हता. त्याने ठिकाण आणि वर्ष तेवढे नीट लिहिले होते.

दुसरे उदाहरण वर उल्लेखिलेल्या अर्नोल्ड वृक्षोद्यानातील. तेथील जुन्या नमुन्यांवरील दिनांक आणि त्याच झाडांचा अलीकडचा फुलोरा यांची तुलना 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांच्या मानाने शतकाच्या अखेरीस झाडे सरासरी आठ दिवस आधी फुलू लागली होती. हवामान तापते आहे, याची ग्वाही फुलांनीच दिली. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये करवंद फुलते आणि एप्रिल-मेमध्ये पिकते, हे सर्वांना ठाऊक असते. पण पन्नास वर्षांपूर्वी मालाडच्या चढावर ते कोणत्या आठवड्यात फुलत होते, हे ‘सर्वांना ठाऊक’ असण्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी दिनांक लिहिलेली एक तरी फांदी हवी.

आणि येथेच एक धोका आहे. दुर्मीळ वनस्पती दिसली की अभ्यासक धावतो. रोजची वनस्पती कोणी नोंदवत नाही. जी सर्वांना परिचित, तीच नोंदीवाचून नाहीशी होते. विनयपिटकातील जीवकाची कथा आपण मुलांना सांगतो. तक्षशिलेच्या आसपास योजनभर फिरून औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये, असे आचार्यांनी सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि अशी एकही वनस्पती नाही, असे म्हणाला. ते उत्तर देण्यासाठी त्याला वाटेवरचे प्रत्येक गवत न्याहाळावे लागले असणार. त्याने कोणतेही झुडूप क्षुद्र मानले नाही, म्हणून त्याची परीक्षा पूर्ण झाली.

चिठ्ठीवर कोणाचे नाव

चिठ्ठीचा महिमा सांगितला. आता तिची उणीवही सांगितली पाहिजे. चिठ्ठीवर गोळा करणाऱ्या साहेबाचे अथवा प्राध्यापकाचे नाव असते. पण ज्याने वाट दाखवली, झाडाचे नाव सांगितले, फांदी खाली आणून दिली आणि गठ्ठा डोक्यावरून डोंगराखाली आणला, त्याचे नाव बहुधा नसते. आपल्या शेजारच्या डोंगरातील पाड्यांवर वारली आणि मल्हार कोळी कुटुंबे राहतात. उन्हाळ्यात पानांच्या द्रोणांतून करवंदे घेऊन मालाड-बोरिवलीच्या स्टेशनांबाहेर ज्या बाया बसतात, त्यांना कोणत्या उतारावरची जाळी आधी पिकते, कोणती आंबट आणि कोणती गोड, हे पाठ असते. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. त्याची नोंद मात्र क्वचितच होते.

याला एक थोर अपवाद आहे. सतराव्या शतकात केरळात डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांनी ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातील औषधी माहितीचा मोठा भाग इट्टी अच्युतन या वैद्याने पुरवला. ते एळवा समाजातील, म्हणजे ज्या समाजाची सावलीही तेव्हा विटाळ मानली जात होती, त्या समाजातील होते. त्यांचे निवेदन त्यांच्याच भाषेत आणि लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. व्हान ऱ्हेडे यांनी ते पान छापले नसते, तर हे ज्ञान कोणाचे होते, हे आज कोणी सांगू शकले नसते. ज्या समाजांच्या श्रमावर आणि ज्ञानावर ग्रंथ उभे राहिले, पण ज्यांची नावे ग्रंथांत आली नाहीत, त्या समाजांतून आपण आलो आहोत. त्यामुळे चिठ्ठीवरील एका ओळीचे मोल आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळावयास हवे.

आपण काय करावे

हे काम खर्चाचे नाही. फुले किंवा फळे असलेली वीतभर-दीड वीत लांबीची फांदी घ्यावी. जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत पाने पसरून ती वजनाखाली दाबावी. पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत. पावसाळ्यात हे चुकले तर बुरशी येते. करवंदासारखे रसाळ फळ अख्खे वाळत नाही. त्याचे काप करून वेगळ्या लहान पाकिटात ठेवावेत. पूर्ण वाळलेली फांदी सुमारे 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर दोऱ्याने टाचावी. संग्रहालयांत किडीपासून रक्षणासाठी पाऱ्याची विषारी संयुगे वापरण्याची जुनी रीत होती. मुलांच्या हाती ती कदापि देऊ नयेत. कोरडी जागा आणि बंद डबा एवढे आपल्याला पुरे. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून एक पानही तोडणे हा गुन्हा आहे, हे मुलांना आधी सांगावे. आपल्या गावचा बांध, घराची परसबाग, वस्तीतील कुंपण, येथूनच सुरुवात करावी.

या वर्षी मुलांनी नव्या चिठ्ठीचा नमुना तयार केला आहे. त्यात नेहमीच्या रकान्यांखेरीज एक रकाना अधिक आहे : ‘माहिती सांगणाऱ्याचे नाव व गाव’. तो त्याच विद्यार्थिनीने सुचवला. दिवाळीच्या सुटीत ती गावी गेली आणि बोरीची एक फांदी वाळवून घेऊन आली. त्या रकान्यात तिने आपल्या आजीचे नाव लिहिले आहे. आजीला लिहिता येत नाही. म्हणून नावापुढे तिचा अंगठा घेतला आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती एवढीच की, आपल्या गावाहून येताना अशी एकेक फांदी, चिठ्ठीसह, विद्यालयाला द्यावी. ज्यांच्याजवळ समोरच्या चढावरील जुन्या काळची छायाचित्रे असतील, त्यांनी ती दाखवावीत; एखाद्यात मागे करवंदाची जाळी दिसेलही. ती सापडेपर्यंत त्या जुन्या कागदावर आम्ही एक छोटी चिठ्ठी चिकटवली आहे : ‘स्थळ व दिनांक अज्ञात. मालाड येथील असावे, असे शिक्षकाची आठवण सांगते, पुरावा नाही.’ खाली आमची सही आणि आजचा दिनांक आहे.